अर्ध्या भाकरीत घाट

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही तिघे शिक्षक बीडहून सायकलींवर निघालो. बालाघाटाचा चढ चढून केज तालुक्यातल्या नांदूरघाटला पहिला मुक्काम, दुसऱ्या दिवशी केजमार्गे धनेगावचे मांजरा धरण आणि तिसऱ्या दिवशी लातूर, असा बेत होता. सायकली साध्याच, काळ्या, एका गिअरच्या. प्रत्येकीचे वजन वीस किलोच्या आसपास. मागच्या कॅरिअरला बांधलेल्या पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हवा भरायचा पंप, पंक्चरचे सामान, एक वही आणि नकाशा.

सायकलवरून लांब जाणे हे काही नवे नाही. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले होते. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघे तो प्रवास पूर्ण करून १९२८ साली परतले. बाबा आमट्यांच्या 'भारत जोडो' अभियानात १९८५-८६ साली शेकडो गावांतून कन्याकुमारी ते काश्मीर गेलेली तरुण मंडळीही सायकलींवरच होती. त्यांच्यापुढे आमचे तीन दिवस म्हणजे काहीच नव्हे. पण 'कार्य, ऊर्जा, शक्ती' हे शब्द वर्गात फळ्यावर लिहून आम्ही कंटाळलो होतो. ते एकदा पायांनी मोजून पाहावेत, एवढाच हेतू. मोजता मोजता जे कळले ते थोडे वेगळेच होते.

घाटात खाली का उतरावे लागले?

बीड सोडल्यावर मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत आमच्या गप्पा चालू होत्या. घाट लागताच त्या थांबल्या आणि थोड्याच वेळात आम्ही तिघेही सायकली हातात धरून चालू लागलो. असे का होते?

सपाट रस्त्यावर ताशी १५ कि.मी. वेगाने जाताना सायकलला दोन गोष्टी अडवतात. एक, चाके आणि रस्ता यांच्यातले घर्षण. दुसरी, हवेचा विरोध. माणूस ६० किलो, सायकल २० आणि सामान ५, असे ८५ किलो धरले तर हे दोन्ही मिळून होतात सुमारे १४ न्यूटन. म्हणजे दीड किलोपेक्षाही कमी वजन हातात धरायला जेवढा जोर लागतो तेवढाच! आता पाच टक्क्यांचा चढ घ्या. शंभर मीटर पुढे गेले की पाच मीटर वर. इथे ८५ किलोचे वजन उताराच्या दिशेने ४२ न्यूटनने मागे ओढते. वेग कमी असल्यामुळे हवेचा विरोध जवळजवळ नाहीसा होतो, पण घर्षणाचे ८ न्यूटन राहतातच. एकूण ५० न्यूटन. विरोध साडेतीन पटींनी वाढला.

हा विरोध पायाला किती जाणवतो? आमच्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते होते आणि मागच्या चक्राला १८. पायडल एकदा पूर्ण फिरले की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे २.४४ वेळा फिरते. चाकाचा घेर २.२ मीटर. म्हणजे एका फेरीत सायकल ५.४ मीटर पुढे जाते. पायडलचा दांडा साडेसोळा सेंटिमीटरचा, तेव्हा पाऊल एका फेरीत जेमतेम १.०४ मीटर फिरते. पाऊल एक मीटर चालते आणि सायकल पाच मीटर! पण फुकट काही मिळत नाही. अंतरात पाचपट मिळाले तर जोर पाचपट द्यावा लागतो. रस्त्यावर १४ न्यूटन असतील तर पायाला सरासरी ७३ न्यूटन, म्हणजे सात-साडेसात किलोंचा भार. घाटात ५० न्यूटनचे २६० होतात, म्हणजे सव्वीस किलोंहून थोडा जास्त. ही झाली सरासरी. पायडलचा दांडा आडवा असतानाच पायाचा जोर नीट लागतो, उभा असताना तो वायाच जातो. त्यामुळे आडव्या स्थितीत चाळीस किलोंपर्यंत जोर द्यावा लागतो. घाटात मुले सीटवरून उठून पायडलवर उभी का राहतात, ते यावरून लक्षात येईल. आपले सगळे वजनच ती कामाला लावतात.

शक्तीचा हिशेबही हेच सांगतो. रोज सायकल चालवणारा साधा माणूस बराच वेळ साठ वॅट देऊ शकतो. ५० न्यूटनच्या विरोधाला साठ वॅटमध्ये सेकंदाला १.२ मीटर वेग मिळतो, म्हणजे ताशी चार कि.मी.च्या थोडे वर. एवढ्या कमी वेगात सायकलचा तोल सांभाळत नाही. मग उतरून चालणेच शहाणपणाचे. गिअरची सायकल असती तर दात्यांचे गुणोत्तर बदलून पायावरचा जोर कमी करता आला असता. काम मात्र तेवढेच राहिले असते.

भाकरीचा हिशेब

ते काम किती? घाटाची उंची हिशेबासाठी २०० मीटर धरू. अचूक आकडा नकाशावरच्या समोच्च रेषांवरून तुम्हीच काढा. ८५ किलो वजन २०० मीटर उचलण्याचे काम

८५ × ९.८ × २०० = १,६६,६०० ज्यूल.

एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८६ ज्यूल. तेव्हा हे झाले ४० किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा, फार तर चौथा हिस्सा कामात बदलू शकतात. बाकीची उष्णता होते. पाचवा हिस्सा धरला तर घाट चढायला २०० किलोकॅलरींचे अन्न लागेल. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ३५० किलोकॅलरी असतात. शंभर ग्रॅम पिठाची एक मोठी भाकरी धरली, तर घाट चढला जातो अर्ध्या भाकरीहून थोड्या जास्त भाकरीत!

आकडा वहीत लिहिल्यावर आम्हाला तो खरा वाटेना. एवढा दम लागला, शर्ट भिजले, आणि खर्च अर्धी भाकरी? पण हिशेब बरोबर होता. दम लागतो तो एकूण कामामुळे नाही, ते किती वेळात केले त्यामुळे. कार्य आणि शक्ती यांतला फरक विद्यार्थ्यांना सांगायला घाटापेक्षा चांगले ठिकाण नाही.

सपाट रस्त्यावर हिशेब आणखी स्वस्त पडतो. एक कि.मी. चालायला ६० किलोच्या माणसाला साधारण ४५ किलोकॅलरी लागतात. सायकलवर तेच अंतर सतरा-अठरा किलोकॅलरींत कापले जाते. एका भाकरीत चालून आठ कि.मी., सायकलने वीस. आणि तेही तिप्पट वेगाने.

बसल्यामुळे काय वाचते?

माणूस तोच, पाय तेच. शिवाय वीस किलोंचे लोखंड सोबत. तरी सायकल स्वस्त कशी?

चालताना आपले शरीर प्रत्येक पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर उचलले जाते आणि परत खाली येते. एका किलोमीटरला सुमारे पंधराशे पावले. चार सेंटिमीटर गुणिले पंधराशे म्हणजे साठ मीटर! सपाट रस्त्यावरचे एक किलोमीटर चालताना आपण थोडे थोडे करून साठ मीटर उंच चढतो आणि उतरतो. यातली काही ऊर्जा लंबकासारखी पुढच्या पावलाला परत मिळते, सगळी मिळत नाही. सायकलवर आपले वजन सीट सांभाळते आणि चाकाचा आस जमिनीपासून सतत तेवढ्याच उंचीवर राहतो. उचलायचे कामच उरत नाही. सायकल वेग देते असे आपण म्हणतो. खरे तर ती आधी वजनाचा भार काढून घेते, आणि वाचलेल्या बळातून वेग मिळतो.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

पिशवीत न मावणारी गोष्ट

पठारावर आल्यावर समोरून वारा सुरू झाला. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आपण ताशी १५ ने जात असू आणि वाराही समोरून ताशी १५ ने येत असेल, तर हवेच्या दृष्टीने आपण तिशीने जातो. विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. तेवढ्याच साठ वॅटमध्ये आमचा वेग ताशी नऊ-दहावर आला. बारा वाजता जिथे पोचायचे होते तिथे पोचायला दीड वाजला आणि आमच्या बाटल्या त्याआधीच संपल्या.

रस्त्याकडेच्या एका वस्तीजवळ हापसा दिसला. आम्ही धावतच गेलो. दांडा खाली-वर होत होता, आतून नुसता हवेचा आवाज येत होता. आमच्यातल्या एकाचे डोके दुखू लागले होते. शेवटी एका म्हातारबांनी घरातला तांब्या आणून दिला. तिघांनी मिळून एक तांब्या. दुसरा मागायची लाज वाटली, कारण घरातली घागर अर्धीच भरलेली दिसत होती.

सावलीत बसून आम्ही हिशेब केला. साठ वॅटचे काम करताना शरीर सुमारे ३०० वॅट खर्च करते. त्यातले २४० वॅट उष्णताच होते. शरीराची नेहमीची उष्णता त्यात मिळवली तर तासाला सुमारे २७५ किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते. ती टाकली नाही तर शरीराचे तापमान वाढत जाईल. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे केवळ स्वतःच्या कष्टाची उष्णता घालवायला तासाला अर्धा लिटर घाम हवा. वरून ऊन असते, आणि थेंबाथेंबाने गळून पडलेला घाम वाळत नसल्याने तो थंडावाही देत नाही. तेव्हा तासाला पाऊण ते एक लिटर पाणी धरायला हवे होते. आम्ही प्रत्येकी एक बाटली घेऊन निघालो होतो.

सहा तास सायकल चालवायची तर चार भाकरी पुरतात. त्यांचे वजन सहाशे-सातशे ग्रॅम. पाणी मात्र पाच लिटर, म्हणजे पाच किलो. दोन दिवसांच्या भाकरी पिशवीत मावतात, एका दिवसाचे पाणी मावत नाही. म्हणून सहलीचा मुक्काम भाकरी कुठे मिळेल यावर ठरत नाही, पाणी कुठे मिळेल यावर ठरतो.

नांदूरघाटची सकाळ

संध्याकाळी नांदूरघाटला पोचलो. सकाळी गावातून आणि भोवतीच्या वाड्यावस्त्यांतून फेरी मारली. ज्वारीची काढणी चालू होती. बऱ्याच घरांना कुलपे होती. दिवाळीच्या सुमारास या भागातली माणसे बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि काही शाळकरी मुले.

शाळेच्या रस्त्यावर मुली सायकलींवर जात होत्या. त्यांतली नववीतली एक मुलगी पायी चालली होती. आम्ही विचारले, "तुला सायकल नाही का?"

"आहे की, सर. पण आता सायकल पाण्याला असते. आज्जा नेतो. आज्जाला बरं नसलं की मीच जाते पाण्याला. मग शाळा राहते."

आमच्या वहीतला हिशेब तिथेच पुन्हा उघडला. टंचाईत टँकरने पाणी देताना माणशी रोज २० लिटरचा मापदंड धरतात. पाच माणसांच्या घराला १०० लिटर, म्हणजे १०० किलो. विहीर एक कि.मी. लांब आहे असे समजा. पंधरा लिटरची घागर डोक्यावर घेऊन सात खेपा कराव्या लागतील. जाऊन-येऊन १४ कि.मी. ताशी चार कि.मी. वेगाने साडेतीन तास. तेच पाणी सायकलला पंधरा-पंधरा लिटरचे दोन कॅन अडकवून आणले तर चार खेपांत काम होते. जाताना सायकलवर पाच मिनिटे, येताना ती हाताने ढकलत पंधरा. चार खेपांना ८० मिनिटे. डोक्यावरची घागर प्रत्येक पावलाला वर उचलावी लागते, सायकलवरचा कॅन तेवढ्याच उंचीवर राहतो. वर सांगितलेली गोष्ट ती हीच.

फरक दोन तास दहा मिनिटांचा, म्हणजे शाळेच्या तीन तासिका. सायकल घरी पाण्याला राहिली तर घराच्या तीन तासिका वाचतात, आणि मुलगी पायी शाळेला येते. सायकल शाळेला आणली तर त्या तीन तासिका कुणाच्या तरी डोक्यावर येतात. एका घरात एक सायकल असली की हे गणित सुटत नाही. गैरहजेरीचा शेरा मांडताना आम्ही शिक्षक हे गणित कधी मांडतो का?

पाणी जाते कुठे?

या भागात पाऊस अगदीच पडत नाही असे नाही. वर्षाला सरासरी सहाशे-सातशे मिलिमीटर पडतो. पण बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि दरवर्षी सरासरीइतका पडेल याची खात्री नाही. सह्याद्रीने ढगांतले बरेच पाणी आधीच उतरवून घेतलेले असते. खाली आहे बेसाल्टचा खडक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. अखंड बेसाल्ट पाणी मुरू देत नाही. ते साठते वरच्या कुजलेल्या खडकात, मुरमात आणि भेगांत. हा साठा उथळ असतो. रब्बीला उपसा झाला की फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी तळ दाखवू लागतात आणि हापशातून हवेचा आवाज येतो.

बीडकडून घाट चढताना आपण आणखी एक सीमा ओलांडतो, तिची पाटी कुठेही नसते. घाटाखालचे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि पुढे माजलगाव तालुक्यात मंजरथजवळ गोदावरीला मिळते. पठारावर पुढे पडलेला थेंब मांजरेकडे जातो. मांजरा याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. कर्नाटक, तेलंगण असा सातशेहून अधिक कि.मी.चा वळसा घेऊन तीही शेवटी कंदकुर्तीजवळ गोदावरीलाच मिळते. जलविभाजकाच्या दोन बाजूंना शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब असे शेकडो कि.मी. दूर जाऊन एका नदीत येतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धनेगावला मांजरेच्या धरणावर पोचलो. पाणी होते, पण काठाचा ओला पट्टा बराच खाली सरकला होता. याच धरणावर लातूर शहर पाण्यासाठी अवलंबून आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडे पडले आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि पाणी सुमारे ५ लाख लिटर. माणशी २० लिटर धरले तर ते २५ हजार माणसांना एक दिवस पुरते. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, तरी त्या सव्वा लाख माणसांनाच पुरणाऱ्या होत्या. पाणी जड असते. ते डोक्यावरून आणा, सायकलवरून आणा की रेल्वेने, वजन तेवढेच राहते. म्हणून पाऊस पडतो तिथेच ते मुरवणे आणि घराजवळ मिळवणे यात सर्वांत कमी ऊर्जा लागते. बांधबंदिस्ती, नालाबांध, विहीर-पुनर्भरण या शब्दांमागे भौतिकशास्त्राचा हा साधा नियमही आहे.

तिसऱ्या दिवशी लातूरला पोचलो तेव्हा भाकरी उरल्या होत्या. पाण्याच्या बाटल्या मात्र वाटेत कितीदा भरल्या याची मोजदाद राहिली नव्हती. प्रत्येक वेळी कुणीतरी स्वतःच्या घरातले पाणी दिले होते.

वर्गात करून पाहा

१. फळा किंवा भिंतीवर लावलेला लांब कागद यांच्या शेजारून एका विद्यार्थ्याला चालायला सांगा. कमरेशी घट्ट धरलेल्या खडूचे टोक भिंतीला टेकलेले असू द्या. उमटलेल्या नागमोडी रेषेची उंची मोजा. एक कि.मी.ला किती पावले पडतात ते मोजून तुमची एकूण 'चढाई' काढा. मग सायकलवर बसून, दोघांनी धरून, हीच रेषा काढा.

२. आपल्या सायकलीच्या दोन्ही चक्रांचे दाते, चाकाचा घेर आणि पायडलच्या दांड्याची लांबी मोजा. पायाला किती पट जोर लागतो ते काढा. वर्गातल्या वेगवेगळ्या सायकलींचा तक्ता करा.

३. गावाजवळच्या एका चढाची उंची काढा आणि तो किती भाकरीत चढतो ते सांगा.

४. घरी रोज किती पाणी येते, किती अंतरावरून, कोण आणते आणि किती वेळ लागतो, याची नोंद प्रत्येकाने आठवडाभर ठेवावी. शेवटी साऱ्या वर्गाचे किलोमीटर आणि तास यांची बेरीज फळ्यावर मांडा. ते तास कोणाचे आहेत, मुलांचे की मुलींचे, तेही वेगळे मांडा. ही बेरीज हजेरीपटाशेजारी ठेवून वाचा.